बारा तुकड्यांची कोंबडी

अदिस अबाबा, २९ तिकिम्त

एतिये मंतेगबोश,

देवाच्या दयेने मी बरी आहे, सेइफू बरा आहे, घरी सगळं ठीक आहे. पत्राच्या सुरुवातीला हे लिहावं लागतं म्हणून लिहिलं. तू कशी आहेस हे विचारायचा हक्क मला उरला आहे की नाही, ते तू ठरव.

अकरा वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि तेही कामासाठी. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, तेव्हा आडपडदा कशाला? काम असं आहे: कोंबडीचे बरोबर बारा तुकडे कसे करायचे?

हसू नकोस. छत्तीस वर्षांची बाई, अकरा वर्षं संसार केलेली, आणि दोरो वत्च्या रश्श्याची कोंबडी कापता येत नाही. पण दोष अर्धा तुझा आहे. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते, आणि थोरली बहीण म्हणून सुरी तुझ्या हातात गेली ती तिथेच राहिली. मी जवळ आले की तू म्हणायचीस, “तू पुस्तक धर, हात कापून घेशील.” मी पुस्तक धरलं. पुढे लग्न झाल्यावर बिझूनेश स्वयंपाकाला होती, ती कापायची. गेल्या महिन्यात बिझूनेश लग्न करून अदामाला गेली आणि जाताना आपले हातही बरोबर घेऊन गेली.

आमचा चार घरांचा एक गट आहे. दर महिन्याला एकाकडे जेवण. हिदार महिन्यात पाळी माझी, आणि मी मोठ्या हुशारीने चौदा तारीख धरली. पंधरापासून गेन्नाचा, नाताळाआधीचा उपास लागतो, मग त्रेचाळीस दिवस लोणी नाही, अंडं नाही, मांस नाही. तेव्हा आदल्या दिवशी सगळ्यांना पोटभर कोंबडी घालायची, असा बेत.

गटात सेइफूच्या कचेरीतले आतो मेर्शा आहेत. त्यांची बायको वैझेरो एत्सेगेनेत. ही बाई दुसऱ्याच्या घरी जेवायला येत नाही, तपासणीला येते. दोरो वत् पुढ्यात आलं की पळी फिरवून तुकडे मोजते. एकीकडे अकरा निघाले, तर वर्षभर त्या घराचं नाव ‘अकरावाली’ पडलं होतं. आणि गेल्या वर्षी माझ्याकडे तिने काय केलं? ताटातली इंजेराची पोळी दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात नेली.

“येशीहारेग, यात ज्वारी आहे का गं?”

“नाही हो वैझेरो, टेफच्या पिठाचीच आहे.”

“मग एवढी काळी? बघ बाई. आमच्याकडे अशी इंजेरा फाटकावरच्या माणसाला देतात.”

सगळे हसले. मीही हसले. तिच्या बोलण्यापेक्षा मला माझं ते हसणंच जास्त लागलं आहे. आणि खरं सांगू? ज्वारी होतीच. मूठभर तू घालायचीस तशी मी अजूनही घालते. त्याशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही.

यंदा तिला एक शब्द बोलायला जागा ठेवायची नाही. पांढरीशुभ्र टेफची इंजेरा बाहेरून मागवली आहे. फक्त ते बारा तुकडे तेवढे सांग.

येशी

*

अदिस अबाबा, १० हिदार

एतिये,

उत्तर आलं नाही. पत्र मात्र मिळालं. बसचा चालक आसेफा शपथेवर सांगतो की त्याने तुझ्या हातात दिलं, तू ते कमरेच्या पट्ट्यात खोवलंस आणि त्याला विचारलंस, “ती बारीक झाली आहे का?” त्याने काय सांगितलं कोण जाणे. झालेली नाही. उलट झाले आहे.

आसेफाने तुझा डबा आणून दिला, दर वर्षासारखा. निळा, वर कापड बांधलेला, आत डाळींचं, शिरोचं पीठ. डब्याबरोबर यंदाही चिठ्ठी नाही.

या डब्यांबद्दल एक लिहायचं आहे. चांगलं नाही ते. आजवर दहा डबे आले. दहाच्या दहा मी न उघडता फाटकावरच्या पहारेकऱ्याला दिले. तो दर वर्षी म्हणतो, “वैझेरो, तुमच्या गावाकडच्या शिरोला तोड नाही,” आणि मी म्हणते, “हो का?” मला उघडवत नसे. कापड सोडलं की तुझ्या हाताचा वास येणार, आणि मग मला लग्नातलं सगळं आठवणार. यंदा पहारेकरी सुट्टीवर आहे, म्हणून डबा फळीवर बसला आहे आणि स्वयंपाकघरात मी जिथे जाते तिथे माझ्याकडे बघतो आहे.

लग्नातलं मी आज लिहिणार नाही. तुला ठाऊक आहे.

कोंबडीचं ऐक. सरावासाठी दोन आणल्या. पहिलीचे दहा झाले आणि उरलेला चुरा. दुसरीचे तेरा. सेइफू पातेल्यात डोकावून म्हणाला, “बारा शिष्यांचे बारा तुकडे म्हणतात ना? मग हा तेरावा कोण गं? पैसे घेऊन फितूर झालेला तो?” मी पळी उगारली तेव्हा गेला. रविवारी देवळात गेले नाही, बाजारात तिसरी कोंबडी शोधत होते. देव मला माफ करो, आणि एत्सेगेनेतला नको.

अजून चार दिवस आहेत. दोन ओळी पाठव. मांडी कुठून सोडवायची एवढं तरी.

येशी

*

अदिस अबाबा, १४ हिदार, सकाळ

एतिये,

हे पत्र उद्या पहाटेच्या बसने जाईल, पण आत्ता कोणाला सांगितलं नाही तर मी फुटेन.

काल दिवसभर मी दोरो वत् केलं. कांदा कोरडा परतत तीन तास उभी राहिले, डोळ्यांतून धारा. तुकडे अकरा झाले आणि बारावा मोडला, तो मी रश्श्याखाली दोन अर्धे जुळवून लपवला. लोणी घातलं, अंडी उकडून घातली. चव खरंच जमली होती. आयुष्यात पहिल्यांदा.

आज सकाळी सेइफू देवळातून आला तो चप्पल न काढताच स्वयंपाकघरात.

“येशी, उपास आजपासून आहे.”

“उद्यापासून. पंधरा तारखेला.”

“योहान्सचं वर्ष आहे. गेल्या वर्षाच्या शेवटी पागुमेच्या छोट्या महिन्यात पाचाचे सहा दिवस आले, म्हणून गेन्ना एकोणतीसऐवजी अठ्ठावीसला, म्हणून उपासही एक दिवस आधी. पुजाऱ्यांनी गेल्या रविवारीच सांगितलं होतं म्हणे.”

गेल्या रविवारी मी कोंबडी शोधत होते.

नव्या सहस्रकाचं वर्ष म्हणून सगळं शहर मेस्केरेममधल्या नववर्षापासून नाचतं आहे, त्यात माझं हे राहूनच गेलं. तू अशी चूक केली नसतीस. आपल्या घरी असं वर्ष आलं की तू जात्याजवळच्या भिंतीवर कोळशाने खूण करायचीस.

तेवढ्यात फोन वाजला. वैझेरो एत्सेगेनेत. आवाज मधात बुडवलेला.

“येशीहारेग, सहजच केला गं फोन. आजपासून उपास, हे तुझ्या लक्षात असेलच.”

“आहे ना.”

“तरी वाटलंच. तारीख ठरली त्याच दिवशी मी मेर्शाला म्हटलं, आपण कशाला सांगायचं? गावाकडची माणसं उपासतापासाला पक्की असतात.”

म्हणजे हिला महिनाभर माहीत होतं! गप्प बसून वाट बघत होती, मी उपासाच्या दिवशी तिच्यापुढे कोंबडी वाढीन म्हणून. नंतर कपाळावर हात मारून घ्यायला मोकळी, आणि ‘अकरावाली’च्या जागी आता मी.

दोरो वत्चं पातेलं झाकून ठेवलं आहे. शेजारी फातुमाकडे द्यावं तर ते आमच्या हातचं कापलेलं खात नाहीत. सेइफू म्हणतो, हॉटेलातून उपासाचं ताट मागवू, सात रंगांचं. मी म्हटलं, ती बाई वासावरून हॉटेल ओळखते.

लोणी नाही, अंडं नाही, मसूर भिजवलेले नाहीत. आठ तास आहेत. घरात आहे तो एकच, निळा डबा.

एतिये, मी कापड सोडते आहे.

*

अदिस अबाबा, १५ हिदार, रविवार

तेच पत्र पुढे लिहिते. पहाटेची बस चुकवली, कारण हे सगळं एकदम जायला हवं.

डबा उघडला आणि मी जमिनीवर बसले. वाटाणा, हरभरा, लसूण, कोरेरिमाची वेलची, उन्हात वाळवलेली तुळस आणि तुझ्या चुलीचा धूर. मी पीठ तोंडात कोरडंच टाकलं, लहानपणी चोरून टाकायचे तसं, आणि रडले. सेइफू दारातून बघून गेला. शहाणा माणूस आहे.

मग उठले. कांदा बारीक चिरून आधी कोरडा, मग तेलावर. पाणी उकळल्यावर एका हाताने पीठ पेरायचं, दुसऱ्या हाताने फिरवायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी पुस्तक धरून बसायचे तेव्हा पुस्तकावरून तुझ्याकडे बघायचे, बहुतेक तेव्हाच आलं. मातीच्या भांड्यात मंद ठेवला, कडेने तेल सुटेपर्यंत. हिरव्या मिरच्या कांदा भरून ठेवल्या. बस्स. दुसरं काही केलं नाही. करायला काही नव्हतंच, पण मला वाटतं, असतं तरी केलं नसतं.

मंडळी आली. एत्सेगेनेत आणि तिचे मेर्शा. माझी मैत्रीण सोसेन्ना आणि तिचा नवरा. आणि गाशे झेवगे, सेइफूचे जुने साहेब, आता थकलेत, पण लग्नात वराकडून वडीलधारे म्हणून तेच उभे होते. तुला आठवत असतील. पांढऱ्या मिशांचे. आठवत असणारच, का ते पुढे लिहिते.

हात धुऊन सगळे मेसोबच्या विणलेल्या टोपलीभोवती बसले. मी झाकण काढलं. बाहेरून आणलेली पांढरी इंजेरा, मधे मातीचं भांडं, त्यात शिरो अजून बुडबुडे सोडतो आहे.

एत्सेगेनेतने भांड्यात बघितलं, मग मेसोबच्या मागे बघितलं, जणू बाकीचं जेवण मागून चालत येणार आहे.

“एवढंच?”

“एवढंच, वैझेरो.”

“अगं, शिरो आम्ही महिनाअखेरीला करतो. आणि बाजारच्या पिठाचा काय भरवसा? सर्रास लाखेची डाळ मिसळतात, तिने पाय जातात. माझे गुडघे आधीच दुखतात बाई.”

सोसेन्ना खाली बघायला लागली. सेइफूचे कान लाल झाले. माझ्या तोंडावर ते जुनं हसू यायला लागलं होतं, एतिये, गेल्या वर्षीचं. मी ते गिळलं.

“खाऊन बघा,” मी म्हटलं. “नाही आवडलं तर फाटकावर पाठवू.”

गाशे झेवगेंनी पहिला घास घेतला. चावले आणि डोळे मिटले. मेर्शा काहीतरी सांगायला लागले, रस्त्याच्या कंत्राटाचं. गाशेंनी डोळे न उघडता हात वर केला. “मेर्शा, थांब. जेवताना बोलू नये असं जेवण आहे हे.”

मग नुसते हात जात-येत होते. सोसेन्नाचा नवरा मिरची लागून नाक पुसत होता आणि थांबत नव्हता. एत्सेगेनेतने नखाएवढा तुकडा घेतला. मग बोटाएवढा. मग तिने बाही वर सारली.

पांढरी इंजेरा संपली! दोन डझन आणल्या होत्या. मी आत गेले आणि घरची टोपली आणली, माझी काळसर, ज्वारीवाली. काही न बोलता मांडली. पहिली उचलली कोणी? एत्सेगेनेतने. दोन खाल्ल्या. मी मोजत होते. मोजायची सवय तिनेच लावली.

भांड्याचा तळ दिसायला लागला तेव्हा ती मागे टेकून म्हणाली, “येशीहारेग, खरं सांग हं. पीठ कुठून आणलंस? मेर्कातो बाजारातलं ते येमेनीच्या शेजारचं दुकान ना? मला वास आलाच होता. आणि ही दुसरी इंजेरा कोणाकडची? पांढरीपेक्षा हीच बरी.”

एतिये, खोटं माझ्या तोंडात तयार होतं. ‘हो, मेर्कातोतलं.’ एवढं म्हटलं असतं तर मी जिंकलेच होते. डाव पुरा, बाई गारद, सगळं निस्तरलं.

पण गाशे झेवगे माझ्याकडे बघत होते. आणि आता ते लिहिते, जे लिहिणार नाही म्हटलं होतं. माझ्या लग्नात तू दोन दिवस बसमधून धक्के खात आलीस, पाठीवर शिरोची पिशवी, डोक्यावर इंजेराची टोपली. पाहुण्यांत उभी राहिलीस, गावच्या शेम्म्याची चादर पांघरून. याच गाशेंनी मला विचारलं होतं, “मुली, या कोण?” आणि मी तुझ्याकडे बघून, तुला ऐकू जाईल असं, म्हटलं होतं, “स्वयंपाकाला आणलेली बाई आहे, गाशे.” टोपली मी मागच्या खोलीत नोकरांकडे पाठवली. कॉफीचा तिसरा प्याला, आशीर्वादाचा, तो व्हायच्या आधी तू निघून गेली होतीस. मला वाढवणारी तू, माझ्या लग्नात आशीर्वाद न देता गेलीस, आणि मी कॉफी पीत बसले.

मी उठून उभी राहिले.

“दुकानातलं नाही, वैझेरो. माझ्या बहिणीने कांडलंय. मंतेगबोश तिचं नाव. देब्रे ताबोरजवळ शेती करते. आई गेल्यावर तिने मला वाढवलं, शिकवलं, तिच्या वाटणीचं शिक्षणही मलाच दिलं. गाशे, तुम्ही माझ्या लग्नात विचारलं होतं, या कोण. मी म्हटलं होतं, स्वयंपाकाला आणलेली बाई. मी खोटं बोलले. ती माझी बहीण होती. आणि वैझेरो, ती दुसरी इंजेरा माझ्या घरची. तिच्यात ज्वारी आहे. गेल्या वर्षीही होती.”

एत्सेगेनेतने हातातला तुकडा खाली ठेवावा की तोंडात घालावा हे तिला कळेना. शेवटी तोंडात घातला. काय करणार?

गाशे झेवगेंनी इंजेराचा मोठा तुकडा तोडला, भांड्याच्या तळाचा दाट शिरो त्यात गोळा केला, घास नीट गुंडाळला, आणि हात लांब करून म्हणाले, “ये इकडे. उघड तोंड. हा मंतेगबोशच्या नावाचा.” माझ्या तोंडात तो घास मावेना. गालावरून पाणी वाहत होतं आणि मी चावत होते. मग म्हणाले, “एका घासावर थांबायचं नसतं,” आणि दुसरा भरवला. “हा तुझा. तेव्हा मला पटलं नव्हतं, मुली. नोकरीवरची बाई नवरीकडे तसं बघत नाही. पण लग्नघरात म्हाताऱ्याने बोलू नये, म्हणून गप्प बसलो. चुकलो.”

मग सोसेन्नाने मला भरवला, सेइफूने भरवला. आणि मग, एतिये, मी स्वतः एक घास केला, चांगला मुठीएवढा, आणि वैझेरो एत्सेगेनेतपुढे धरला. भरवलेला घास नाकारता येत नाही, तिलाही नाही. तिने तोंड उघडलं. अख्खं शहर बघायला हवं होतं ते!

कॉफीचे तिन्ही प्याले होईपर्यंत ती बसली. तिसऱ्याला हळूच म्हणाली, “येशी, त्या पिठातलं वाटीभर मिळेल का? पैसे देईन हो मी.”

“नाही, वैझेरो. ते विकायचं नाही. तुम्हीच तिच्याकडे मागा. गेन्नाला ती इथे येणार आहे.”

माझ्या तोंडून गेलं ते. सगळ्यांसमोर. तुला न विचारता. आता तू आली नाहीस तर मी शहरभर खोटारडी ठरेन, आणि ते मला शोभूनही दिसेल. पण म्हणून ये असं नाही म्हणत. मला तू हवी आहेस, म्हणून ये. अकरा वर्षं मला तू हवी होतीस आणि मी डबे वाटत बसले.

दोरो वत् कुत्र्यांनी खाल्लं. लपवलेला बारावा तुकडासुद्धा. डबा मी धुऊन पालथा घातलेला नाही, तळाशी चार मुठी आहेत. कापड परत बांधून ठेवलं आहे.

तुझी धाकटी,
येशी

*

देब्रे ताबोर, २९ हिदार

येशी,

पत्रं पोचली. वाचायला तीन दिवस लागले, तुझं अक्षर अजून मांजरीने खरडल्यासारखं आहे. एवढं शिकवून हे.

शिरोत कांदा जास्त घातला असशील. तू घाबरलीस की कांदा जास्त घालतेस.

लग्नात तू बोललीस ते मी ऐकलं होतं. पत्रात माफी मागून भागलं नसतं, मी पत्र चुलीत घातलं असतं. पण तेव्हा चार माणसांत बोललीस आणि आताही चार माणसांत बोललीस, त्याच म्हाताऱ्यासमोर. फिटलं.

त्या बाईला वाटीभर पीठ देईन. जेवली ना पोटभर? मग झालं.

मी येते आहे. आसेफाला सांगून पुढची जागा धरली आहे. गेन्ना अठ्ठावीस ताहसासला आहे, एकोणतीसला नाही. पुन्हा चुकू नकोस. उपास सुटला की दोरो वत् हवं मला. मांडी सांध्यातून सोडवायची, हाडावर सुरी मारायची नाही. पंख आधी.

तू पहिल्या पत्रात विचारलंस त्याचं हे उत्तर. बाकीचं विचारू नकोस, सांगणार नाही. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. मी पाहुणी आहे. मी मेसोबपाशी बसणार, तू कापायचं, तू वाढायचं.

आणि मी पळी फिरवून तुकडे मोजणार.

मंतेगबोश